मे महिन्यातली पाहुणी

मी खिडकीत बसते. एकतीस वर्षं झाली. बाहेरून गिऱ्हाईक सांगतं, मी आत ओरडते, आमची स्वयंपाकीण लुद्का आतून ताटली सरकवते, मग मी बाहेर ओरडते. त्यामुळे आवाज असा झालाय. हळू बोलणं मला येतच नाही. नवरा त्यामुळंच पळाला, असं आमच्या गल्लीत म्हणतात. साफ खोटं! तो ज्या बाईबरोबर पळाला ती माझ्याहून मोठ्यानं बोलते.

आमच्या खाणावळीसारख्या खाणावळींना क्राकूवमध्ये दूधबार म्हणतात, पण दारू शोधत आलात तर हात हलवत परत जाल. सूप, उकडलेले बटाटे, आंबवलेला कोबी, पिएरोगी म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, धिरडी, फळं उकळून केलेलं गोड पाणी. पोद्गुझे भागातले म्हातारे, ट्रामवाले, विद्यार्थी सगळे इथंच जेवतात आणि सगळे मला घाबरतात. ताटात टाकलेलं मला खपत नाही. अर्धी ताटली परत आली की मी विचारते, "का हो? विष घातलं होतं का त्यात?" माणूस उभ्याउभ्या संपवतो.

फेलिक्सराव तेवढे घाबरत नव्हते. रोज ठोक्याला एक वाजता यायचे. नऊ वर्षं, रविवार धरून. आधी कोट काढायचे, डाव्या हातावर घडी घालायचे, खुंटीला लावायचे आणि मग रांगेत उभे राहायचे. कोट अंगात ठेवून जेवणारा माणूस समोर आला की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. धंद्याची खोड, दुसरं काय. अठ्ठावीस वर्षं त्यांनी एका नाटकाच्या थिएटरात लोकांचे कोट सांभाळले. बिल्ला द्यायचा, कोट घ्यायचा, बिल्ला घ्यायचा, कोट द्यायचा.

"झेनाबाई," मला एकदा म्हणाले, "इतकी नाटकं झाली, एकाचाही शेवट मी पाहिला नाही. शेवटाला सगळ्यांना आपापला कोट हवा असतो."

"मग विचारायचं की कुणाला तरी."

"विचारलं. लोक म्हणायचे, छान होता."

अशी त्यांची बोलण्याची तऱ्हा. कमी बोलायचे, पण बोलले की मला पाच मिनिटं काम सुचायचं नाही.

त्यांच्या घरचा नामदिवस म्हणजे एके काळी गल्लीतला सण होता. वीस नोव्हेंबर. आमच्याकडे वाढदिवस लहान पोरांचे. मोठ्या माणसाचा नामदिवस असतो, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा कॅलेंडरातला दिवस. आणि नामदिवसाला कुणी कुणाला बोलावत नाही. बोलावलं तर ती आठवण कसली? ज्याला लक्षात असतं तो फुलं घेऊन येतो, आणि ज्याचा नामदिवस असतो तो टेबल मांडून बसतो. बायको, स्तेफा, जिवंत होती तोवर दोन खोल्यांत चाळीस माणसं मावायची. तेलातला हेरिंग मासा, भाज्यांची कोशिंबीर, खसखशीचा केक, घरची चेरीची दारू. पलंगावर कोटांचा ढीग. फेलिक्सराव गमतीनं पाहुण्यांना बिल्ले वाटायचे.

स्तेफा गेली आणि माणसं आटली. पहिल्या नोव्हेंबरात त्यांनी वीस ताटल्या मांडल्या, सहा जण आले. पुढच्या वर्षी तिघं. मग एक शेजारी तेवढा येत राहिला, तोही मेला. तरी हा गृहस्थ दर वीस नोव्हेंबरला टेबल मांडतोच. मला कसं माहीत? एकवीस तारखेला डबा घेऊन यायचे. "कोशिंबीर उरली होती, झेनाबाई. लुद्कालाही द्या." मी खायचे. छान असायची. आणि मी स्वतः कधी गेले नाही. खिडकीतल्या बाईनं कशाला जायचं, असं मनात यायचं. बोलावणं नसतं हे मला काय माहीत नव्हतं? होतं. मेलं, माझंही चुकलंच.

मुलगा आहे त्यांना, व्हितोल्द. चौदा वर्षं बोलणं नाही. आईच्या मातीला तो उशिरा पोचला, पेटी खाली गेल्यावर. गाडीला उशीर झाला होता म्हणे. त्यानं हात पुढं केला आणि फेलिक्सरावांनी सगळ्यांदेखत आपले हात कोटाच्या खिशात घातले. एवढंच. जमिनीचं भांडण नाही, पैशाचं नाही. हात खिशात घातले, ते चौदा वर्षं तिथंच राहिले. हे त्यांनीच मला सांगितलं, बीटचं सूप पिता पिता, हवापाण्याचं सांगावं तसं.

तर त्या शुक्रवारी, सतरा मेला, दुपारी अडीचच्या सुमाराला एक पोरगी आली. फेलिक्सराव जेवून कधीच गेले होते. पाठीवर पिशवी, विशीची असेल, भिंतीवरच्या पाटीकडं बघत उभी. मागं रांग दारापर्यंत.

"काय देऊ?"

"इथलं काय चांगलं असतं, मावशी?"

"सगळं चांगलं असतं. वाईट ते मी खाते. बोल लवकर."

"तुम्ही माझ्या जागी असता तर काय घेतलं असतं?"

"तुझ्या जागी असते तर घरी जेवले असते."

रांग हसली. तीही हसली, पण जरा उशिरानं, मन दुसरीकडं असल्यासारखं. बटाटा आणि पनीर भरलेल्या पिएरोगी घेतल्या तिनं, वर तळलेला कांदा. बसली कोपऱ्यात एकटीच. ताटलीचा फोटो काढला, फोनकडं बघत राहिली आणि फोन पालथा ठेवून दिला. हल्ली सगळेच ताटलीचे फोटो काढतात, पण काढला की लगेच कुणाला तरी पाठवतात. हिनं पाठवला नाही. बघून मला कसंतरीच झालं.

ताटली परत करायला आली तेव्हा गर्दी ओसरली होती. ताटली स्वच्छ. मी खूश.

"कुठली गं तू?"

"पार उत्तरेला, ओल्श्टिनला शिकते. जमीन मोजायचं. नाव मालविना."

"आणि इथं काय मोजायला आलीस?"

"काही नाही. दोन दिवस शहर बघायचं, खायचं. रविवारी दुपारी परत."

"एकटीच?"

"मैत्रिणी येणार होत्या. ऐनवेळी जमलं नाही."

खोटं बोलताना ती नखानं ताटलीची कड खरवडत होती. मी म्हटलं, जाऊ दे, आपल्याला काय करायचंय. एवढ्या लांबून पोर एकटी खायला येते म्हणजे प्रियकरानं सोडलं असेल. माझं डोकं तेवढंच चालतं.

शनिवारी अकराला पुन्हा हजर. धिरडी घेतली, पनीरची. आणि यावेळी खिडकी सोडेना. सकाळी सातपासून हिंडत होती. बोलायला माणूस हवं होतं तिला, नाहीतर माझ्यासारखीशी कोण बोलायला येतं?

"मोठ्या चौकात गेले होते मावशी. हातगाडीवरून तीळ लावलेलं पावाचं कडं घेतलं आणि मेरीच्या चर्चखाली उभी राहिले. नऊ वाजले. वर मनोऱ्यात तुतारी वाजली आणि मधेच तुटली."

"शेकडो वर्षांपूर्वी वाजवणाऱ्याच्या गळ्यात बाण घुसला, तेव्हापासून तशीच तुटते. त्यात काय नवल?"

"ते नाही हो. वाजवून झाल्यावर त्या माणसानं खिडकीतून हात हलवला. खाली दोनतीनशे लोक होते. मीही हलवला." मग म्हणाली, "दोन दिवसांत मला हात हलवणारा तो एकटाच."

"तो पगार घेतो त्याचा," मी म्हटलं. माझी जीभ! पण ती खळखळून हसली, आणि हसली तेव्हा पहिल्यांदा मला ती आवडली.

काल संध्याकाळी म्हणे तिनं गोल बाजारात उभ्यानं लांबडा पाव खाल्ला, अळंबी आणि चीज घातलेला. आजूबाजूला सगळे घोळक्यानं, हिचा पाव संपेना. मग ती आमच्या पोद्गुझेतल्या उंच मातीच्या टेकाडावर जाऊन बसली. तिथून सगळी छपरं दिसतात. "एक घर शोधत होते," म्हणाली. "सापडलं नाही. मोजायचं शिकते आणि एक छप्पर ओळखता येत नाही."

"कुणाचं घर?"

तेवढ्यात तिनं मागं लपवलेली फुलं पुढं केली. पिऑनीची, गुलाबी, मोठी मोठी. "मावशी, एक विचारू? आज फेलिक्स नावाच्या माणसांचा नामदिवस असतो ना?"

"कॅलेंडरात तसंच आहे."

"मग एखाद्याकडं जायचं तर कधी जावं? आधी फोन करावा का?"

"फोन?" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की लुद्कानं आतून डोकं काढलं. "नामदिवसाला फोन करून जातात? तुझ्या आईनं काही शिकवलं नाही तुला? पाचला जायचं. घंटा वाजवायची. शुभेच्छा द्यायच्या. खायचं."

"आणि त्यांनी मला ओळखलं नाही तर?"

"दार उघडेपर्यंत माणूस परका असतो गं. पाहुणा घरात आला म्हणजे देव घरात आला. चाळीसांत एक तू. कोपऱ्यात उभी राहा, हेरिंग खा, कुणीतरी विचारेलच, ही कुणाची? तेव्हा सांग कुणाची ते."

तिचा चेहरा असा उजळला! "मला अगदी तसंच करायचं होतं," म्हणाली.

मी तिची फुलं मोजली. आठ. "अगं बये, आठ? सम फुलं मढ्यावर वाहतात! काढ एक." एक फूल उपटून मी लुद्काला दिलं, तिनं ते एप्रनला खोचलं. पोरगी सात फुलं घेऊन नाचत गेली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तू तिला विचारलं का नाहीस, कुठला फेलिक्स? नाही विचारलं. रांग होती. कॅलेंडरात फेलिक्स एकदा येत नाही, पाचसहा वेळा येतो. मे महिन्यातला मोठा, बाजारात फुलवाल्या त्या दिवशी पाटी लावतात. पण माणूस आपल्या वाढदिवसानंतर पहिला येईल तो दिवस धरतो. तो कुठला, हे घरच्यांनाच ठाऊक असतं. आमच्या फेलिक्सरावांचा नोव्हेंबर, हे मला तोंडपाठ. आणि त्यामुळंच त्यांचं नाव माझ्या डोक्यातही आलं नाही. क्राकूवमध्ये फेलिक्स काय एक आहे?

त्या दिवशी एकला फेलिक्सराव आले, बार्लीचं सूप प्यायले, कोट घालून गेले. पोरगी तेव्हा वावेल टेकडीखाली त्या धातूच्या ड्रॅगनच्या तोंडातून जाळ निघायची वाट बघत उभी होती. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

रविवारी बाराच्या पुढं ती आली. पाठीवर पिशवी. डोळे सुजलेले. "टोमॅटोचं सूप. भात घालून," एवढंच म्हणाली.

"काय गं? नामदिवस कसा झाला? जास्त झाली वाटतं चेरीची दारू?"

आणि ती तिथंच, खिडकीसमोर, वाडगा हातात घेऊन रडायला लागली. मागं सात माणसं उभी होती. मी म्हटलं, "थांबा सगळे. भूक काही मरत नाही तुमची."

तिनं सांगितलं ते असं. पाच वाजेपर्यंत वेळ जाईना. ड्रॅगन बघितला. आइस्क्रीमच्या रांगेत अर्धा तास उभी राहिली, हातात फुलं म्हणून लोक हसून बघत होते. सगळ्यांना वाटलं असेल हिची कुणीतरी वाट बघतंय. व्हिस्वा नदीच्या पुलावरून तीनदा गेली आणि आली. पाचला जिना चढली. तिसरा मजला. तिला वाटलं होतं बाहेर गलका ऐकू येईल, पेले वाजतील, गर्दीत हळूच शिरता येईल. दाराबाहेर चिडीचूप. आत नुसता रेडिओ. तरी तिनं घंटा दाबली.

"दार उघडलं. पायात सपाता, अंगात बनियन, हातात बटाटे सोलायची सुरी. मी म्हटलं, नामदिवसाच्या शुभेच्छा. ते बघत राहिले माझ्याकडं. खूप वेळ. मग म्हणाले, माझा नामदिवस नोव्हेंबरात असतो, मुली. वीस नोव्हेंबर."

वीस नोव्हेंबर! म्हणजे आमचेच फेलिक्सराव!

"मग?"

"मी म्हटलं, माफ करा, दार चुकलं. आणि खाली आले. फुलं ट्रामच्या बाकावर ठेवली. मावशी, ते माझे आजोबा आहेत. बाबांचे बाबा. आजी गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. बाबा त्यांचं नावसुद्धा काढत नाहीत. घरी मी मैत्रिणींबरोबर फिरायला जाते म्हणून सांगितलं. पत्ता एका जुन्या पाकिटावर सापडला, पण नामदिवस कधी ते कुणाला विचारणार? कॅलेंडरात बघितलं." नाक पुसलं तिनं. "आपल्या आजोबांचा दिवस ज्या नातीला माहीत नाही तिला त्यांनी का ओळखावं?"

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते खोटं नाही. मी तिला म्हटलं, "रडू नकोस. ते बघ, ती खुंटी. त्या खुंटीखालचं टेबल त्यांचं. एक वाजता येतील. नऊ वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. बस तिथं. नाहीतर असं कर, आत्ताच त्यांच्या घरी जा पुन्हा. शुभेच्छा आठ दिवस चालतात."

"कुठल्या नामदिवसाच्या? तो तर नोव्हेंबरात आहे." रडता रडता हसली. "नाही मावशी. त्या दारातून एकदा परत आले. इथं थांबते. दोन वाजून बारा मिनिटांची गाडी आहे."

बसली. खुंटीखाली, त्यांच्या खुर्चीसमोरच्या खुर्चीत, दाराकडं तोंड करून. समोर सूप. एक वाजला. दार उघडलं की तिची मान वर. ट्रामवाले. एक बाई, दोन पोरं. सव्वा वाजला. माझं लक्ष हिशेबात लागेना. कोबीच्या जागी बीट ओरडले, गिऱ्हाइकानं मुकाट्यानं खाल्लं. मनात आलं, खिडकी बंद करावी, चार गल्ल्या पलीकडं जावं आणि म्हाताऱ्याला कॉलर धरून आणावं. रविवारी मी आणि लुद्का दोघीच. रांग दाराबाहेर. आणि दर मिनिटाला वाटायचं, आता येतीलच. एक वाजून पस्तीस मिनिटांनी ती उठली. पिशवी पाठीवर घेतली.

"अजून पाच मिनिटं," मी म्हटलं. मी विनंती केली! लुद्का म्हणते, एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"गाडी जाईल, मावशी. उद्या परीक्षा आहे." मग म्हणाली, "तुम्ही चांगल्या आहात. त्यांना काही सांगू नका. उगाच वाईट वाटेल त्यांना." आणि ट्राम आली, तिच्यात चढून गेली. तिचा नंबर घ्यायचं मला सुचलं नाही. एवढं मोठं तोंड दिलंय देवानं, आणि कामाच्या वेळी बंद.

दोन वाजून वीस मिनिटांनी फेलिक्सराव आले.

मी आधी ओळखलंच नाही. काळा सूट, टाय, दाढी इतकी घोटून केलेली की हनुवटीला कापलं होतं. कोट काढला नाही. खुंटीकडं बघितलंही नाही. सरळ रांगेच्या पुढं येऊन खिडकीत वाकले. धापा टाकत होते.

"झेनाबाई, बारा पिएरोगी बांधा. मांसाच्या असतील तर मांसाच्या. गरम हव्यात. लवकर."

"कुठं होतात तुम्ही?" मी विचारलं.

"घरी. सकाळी केक आणायला गेलो. रविवार, सगळी दुकानं बंद, एकच मिठाईवाला उघडा आणि चर्चमधली प्रार्थना सुटल्यावर सगळं शहर तिथं. हेरिंग शेजारच्या बाईंकडून मागून आणला. टेबलक्लॉथला इस्त्री केली. मांडून बसलोय बाराच्या आधीपासून. जेवायला इथं येणार होतो, पण म्हटलं नेमकं त्याच वेळी ती यायची. मग लक्षात आलं, गरम काहीच नाही. दारावर चिठ्ठी लावून आलोय. आत बस, आलोच, असं लिहिलंय. दार उघडंच ठेवलंय."

"कोण यायची?"

"माझी नात." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं! "व्हितोल्दची पोर. काल आली होती. तुम्हाला सांगतो, दार उघडल्याउघडल्या ओळखली. स्तेफाचं कपाळ आहे तिला, तसंच्या तसं."

"ओळखली? आणि मग नोव्हेंबर कशाला सांगत बसलात?"

म्हाताऱ्याचं लहान पोराला चोरी करताना धरावं तसं तोंड झालं.

"टेबल मांडलेलं नव्हतं," म्हणाला. "झेनाबाई, घरात दोन बटाटे आणि मोहरीची बाटली. मी बनियनवर. चौदा वर्षांनी माझ्या दारात स्तेफाची नात उभी, हातात फुलं, आणि मी तिला बसवू कशावर? वाढू काय? तोंडातून निघून गेलं, नोव्हेंबर. म्हणजे मला म्हणायचं होतं, आज माझी तयारी नाही. तेवढ्यात ती खाली गेली. ती खाली पोचेपर्यंत मी दार उघडं धरून उभा होतो. हाक मारायला नाव आठवेना. लहानपणी आम्ही तिला चिमणी म्हणायचो. तिसऱ्या मजल्यावरून चिमणी म्हणून हाक कशी मारणार?"

"का नाही मारणार?" मी ओरडले. रांग दचकली. "जळ्ळं मेलं ते तुमचं टेबल! बटाट्यांसाठी पोर परत पाठवलीत? चाळीस वर्षं मांडलीत टेबलं, कोण उरलं त्यावर? आणि जी आली, तिला सांगता तारीख चुकली? सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही तुमचा!"

"शुभेच्छा आठ दिवस चालतात," ते हळूच म्हणाले. "आज येईल ती. मी या वर्षी मे महिन्यातला धरलाय."

मग मला सांगावंच लागलं. ती नको म्हणाली होती, पण मी सांगितलं. बाराला आली. त्या खुर्चीत बसली. तुमच्यासाठी थांबली, दाराकडं बघत, एक पस्तीसपर्यंत. दोन बाराची गाडी होती. गेली.

भिंतीवरच्या घड्याळात दोन पंचवीस झाले होते. फेलिक्सरावांनी ते बघितलं. मग त्या खुर्चीकडं बघितलं. खुर्चीच्या पाठीला हात लावला, पण बसले नाहीत.

"पोराला फोन करा," मी म्हटलं. "आत्ता. माझ्या फोनवरून करा."

"नंबर नाही माझ्याकडं." मग म्हणाले, "तो कुठं राहतो तेही मला ठाऊक नाही, झेनाबाई. कधी विचारलंच नाही कुणाला."

लुद्कानं पिएरोगीचा डबा बांधून पुढं सरकवला. त्यांनी तो घेतला, दोन्ही हातांनी छातीशी धरला. रांगेतला एकही माणूस पुढं सरकला नाही.

"काय खाल्लं तिनं?" त्यांनी विचारलं.

"टोमॅटोचं सूप. भात घालून."

"सगळं?"

ताटात टाकलेल्यावरून मी एकतीस वर्षं लोकांशी भांडले. त्या बाबतीत मी कधी कुणाला सोडलं नाही, आणि खोटं तर कधीच बोलले नाही.

"सगळं," मी म्हटलं. "वाडगा पुसून."

त्यांनी मान हलवली. "मग बरं झालं. आपल्याकडून उपाशी नाही गेली."

तिचा वाडगा माझ्या मागं फळीवर होता, काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. त्यांना दिसू नये म्हणून मी जरा सरकून बसले.